कोपऱ्यातलं बटण

चिमटा टेबलाखाली काढला होता, त्यामुळे मामांना तो दिसला नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की थोरल्या बाई हसत "चालायचंच" म्हणाल्या आणि धाकट्या बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतका वेळ संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसलं की डोळे चुरचुरतातच, असं समजून मामांनी खिशातली थेंबांची बाटली पुढे केली.

"घ्या, धाकट्या बाई. या पडद्याने माझे केस नेले, आता डोळे मागतोय."

थोरल्या बाईंची, म्हणजे ताईची, नखं अजून धाकटीच्या मांडीत रुतलेलीच होती. धाकटीने बाटली घेतली, डोळ्यांत थेंब घातले आणि मामांचे आभार मानले.

पडद्यावर बर्फ होता. चांगल्या क्रिस्टलमधून क्ष-किरण गेले की ठिपके उमटतात, रांगेत, शिस्तीत. ते जुळवून प्रोटीनचा आकार काढायचा, हा या दोघी बहिणींचा धंदा. ठिपक्यांच्या जागी एकात एक अशी जाड काळी कडी उमटली, की समजायचं, कुठेतरी बर्फ बसलाय. सकाळपासून कडीच उमटत होती. लाल झाकणाच्या डबीतला पहिला क्रिस्टल लावला, कडी. दुसरा लावला, कडी. तिसरा तर लावायच्या आधीच त्याला धरणाऱ्या बारीक फाशातून निसटून गेला.

"जीव तोडून वाढवलेत हो मी," ताई मामांना म्हणाली. तिचा आवाज मऊ, अगदी साखरेत घोळलेला. "संध्याकाळी तुम्ही हे सगळं दुरुस्तीला बंद करणार. मग पुन्हा केव्हा चालू होईल कोण जाणे. तोवर हे क्रिस्टल राहायचे नाहीत आणि मीही..."

मामा म्हणजे या किरणमार्गाचे, क्ष-किरण सोडायच्या या जागेचे, शास्त्रज्ञ. कामाला येणाऱ्या सगळ्यांचे मामा. गोल डोकं, गोल पोट, आणि कितीही बिघडलं तरी गोड जीभ. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"घाबरायचं नाही, थोरल्या बाई. बर्फ चारच ठिकाणांहून येतो. गार हवेचा झोत वाकडा लागलाय, नाहीतर नायट्रोजनच्या भांड्यात तुषार साचलेत, नाहीतर रोबोच्या चिमट्याला दव धरलंय. आणि चौथं म्हणजे," ते जरा थांबले, "गोठवतानाच हात कमीजास्त झाला असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की दोष कुणाचा ते देवालाही सांगता यायचं नाही."

धाकटीने मान हलवली. मनात ती देवाला वेगळंच सांगत होती. देवा, दोष यंत्रात निघू दे. झोतात निघू दे, भांड्यात निघू दे, रोबोत निघू दे. चौथ्यात निघू नको देऊस.

कारण चौथं काय आहे ते तिला ठाऊक होतं. पाण्याच्या थेंबातला क्रिस्टल नायलॉनच्या बारीक फाशात उचलायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. मध्ये हवेत हात रेंगाळला, डगमगला, की आतल्या पाण्याचा बर्फ झालाच. आणि ताईचा हात गेले कित्येक महिने कापत होता. आधी कपबशी वाजायची. मग किल्ली कुलुपाच्या तोंडाशी अडखळायला लागली. एकदाच धाकटी म्हणाली होती, "ताई, डॉक्टरांना दाखवू या का हात?" त्या दिवशी तिच्या भुवईवर टाके पडले. दवाखान्यात विचारलं तेव्हा तिने नेहमीचंच सांगितलं. पडले.

जिन्यावरून पडले, न्हाणीघरात पडले, चालता चालता पडले. शाळेपासून ती पडतच आली होती. आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, तापात उशाशी बसून रात्री जागवल्या, लग्नाचं वय निघून गेलं तरी 'आधी हिचं' म्हणत राहिली. भरवणारा हात तोच आणि उलथनं तापवून मनगटावर टेकवणारा हातही तोच. मारायच्या आधी ताई नेहमी उठून रेडिओ मोठा करायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मारून झालं की धाकटीला अडगळीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची. "डोकं थंड झालं की हाक मार." आजही कुणी आवाज मोठा केला की धाकटीच्या मानेवरचे केस उभे राहतात. एवढी मोठी झाली, नावापुढे डॉक्टर लागलं, कानाशी केस पांढरे झाले, तरी.

आणि हेही तेवढंच खरं, की तिचं ताईवर प्रेम होतं.

मामांनी कामाला हात घातला. आधी झोत. हचचं जाड दार सरकवून तिघं आत गेली. हच म्हणजे शिशाच्या भिंतींची खोली. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर क्रिस्टल लावायची सुई, वरून रोखलेला गार झोत, समोर डिटेक्टर, बाजूला रोबोचा हात. किरण येतात तेव्हा इथे चिटपाखरूही असता कामा नये. सकाळीच मामांनी दोघींना त्याचे धडे दिले होते.

"बाहेर पडणाऱ्याने आधी आत शोध घ्यायचा. मग ते बटण दाबायचं," मामांनी टेबलाच्या पलीकडे, पार मागच्या कोपऱ्यात बोट दाखवलं होतं. "ते दाबल्याशिवाय दार बंद होत नाही. लोक मला विचारतात, मामा, बटण दाराशी का नाही लावलं, उगाच वळसा कशाला? अहो, वळसा पडावा म्हणूनच तिथे लावलंय. टेबलामागे कुणी चक्कर येऊन पडलं असेल तर पाय अडखळला पाहिजे."

"आणि ही लाल दोरी?" धाकटीने विचारलं होतं. भिंतीवरून कमरेच्या उंचीने ती खोलीभर फिरली होती.

"ती ओढली की किरण देणाऱ्या सगळ्या कड्यातला प्रकाश जातो. नुसता आपला नाही, सगळ्यांचा. या गोल इमारतीत जिथे जिथे काम चाललंय तिथल्या लोकांचं सगळं मुसळ केरात. सगळे शिव्या घालत धावत येतील. तरीही गरज पडली तर ओढायची. मी इथे आल्यापासून कुणी ओढलेली नाही, ते सोडा."

"मग आमच्या बाईसाहेबांना तिच्यापासून लांबच ठेवा," ताई हसून म्हणाली होती. "महाधांदरट आहे. उभ्या उभ्या पडते."

तेव्हा सगळेच हसले होते. धाकटीही.

झोत सरळ निघाला. भांड्यातला नायट्रोजन ओतून नवा भरला, तरी कडी. मामांनी ठेवणीतला क्रिस्टल काढला. अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रोटीनचा, कुणीही डोळे झाकून वाढवावा असा. यंत्र ठीक आहे ना हे पाहायला तो प्रत्येक ठिकाणी ठेवलेला असतो. तो लावला आणि पडदा ठिपक्यांनी भरून गेला. लखलखीत. एकही कडी नाही.

"चला, यंत्र सुटलं!" मामांनी मांडीवर थाप मारली. "आता रोबोचं दव. आणि हो, धाकट्या बाई, तुमची निळ्या झाकणाची डबी अजून लावलीच नाही आपण. ती का नाही लावत? लाल थोरल्या बाईंच्या हातची, निळी तुमच्या हातची. चटकन कळेल."

"आधी रोबो बघू या ना," धाकटी म्हणाली.

"रोबो काय पळून चाललाय? लावा निळी."

"आधी ताईची सगळी होऊ देत."

मामांनी तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. स्वतःचे क्रिस्टल लावायला नको म्हणणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. इथे लोक त्यासाठी एकमेकांचे गळे धरतात.

"हत्यारं पुसून आणते," ताई उठली. "चल गं तू पण."

हत्यारं पुसायची खोली शेजारीच होती. नायट्रोजनमधून काढलेला लांब लोखंडी चिमटा पुन्हा वापरायचा तर आधी खडखडीत कोरडा करावा लागतो, नाहीतर त्याच्यावरचं दवच बर्फ होऊन डबीत जातं. त्यासाठी तिथे केस वाळवायचा ड्रायर टांगलेला असतो. ताईने दार लोटलं. ड्रायर चालू केला आणि खटका शेवटपर्यंत वर नेला. घूंऽऽ आवाजाने खोली भरून गेली.

धाकटीला कळलं.

"निळी का लावायची नाही?"

"लावू ना ताई. मी फक्त..."

"कीव करतेस माझी?" ताईने तिचं मनगट धरलं. तिथल्याच नायट्रोजनच्या भांड्यातून चिमटा काढला, पांढरा, धुराळणारा, आणि तिच्या तळहातावर दाबला. ऊब नव्हती, चटकाही नव्हता. आधी काहीच नव्हतं. मग हाताला करवतीने कापल्यासारखी कळ गेली थेट खांद्यापर्यंत. कातडी लोखंडाला चिकटली. धाकटीने ओठ दातांत धरले. ओरडायचं नसतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ताईने चिमटा उपटला तेव्हा त्याच्याबरोबर पातळ साल निघून आली.

"कोण मी तुझी? सांग, कोण मी?"

"ताई."

"कीव करायची नाही. जा, लाव तुझी डबी. बघू दे जगाला काय दिवे लावलेस ते."

ड्रायर बंद झाला. ताईने स्वतःच हातमोजा काढून दिला, रबरी, कोपरापर्यंतचा. "घाल. हाताला लागलं म्हणजे लोक विचारत बसतात." आणि तो चढवताना दुखू नये म्हणून हलकेच फुंकर घातली. ती फुंकर खोटी नव्हती. तिथेच तर सगळं अवघड होऊन बसलेलं होतं.

निळी डबी रोबोत गेली. पहिला क्रिस्टल सुईवर चढला. मामांनी कळ दाबली.

पडद्यावर ठिपके उमटले. नुसते उमटले नाहीत, कडेपर्यंत पसरले. जितके कडेला तितका बारीक तपशील मिळतो. मामा खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"अहो, हे काय! अहो धाकट्या बाई, हे काय लपवून ठेवलंत! इतकं सुंदर मी वर्षभरात पाहिलं नाही. ए दाढी! इकडे ये, बघ जरा!"

शेजारच्या किरणमार्गावरचा दाढीवाला चहाचा पेला घेऊन डोकावला. "काय, लग्न ठरलं का कुणाचं?"

"त्याहून मोठं. बघ हे ठिपके."

"आयला," दाढीवाला म्हणाला. "आमच्याकडे पाठवा की जरा या बाईंना. आमचे क्रिस्टल दगडासारखे आहेत आणि बुद्धी पण."

सगळे हसले. मामा सांगतच होते, भोळ्या मनाने, एका श्वासात: "म्हणजे यंत्र बरोबर, प्रोटीन बरोबर, डबी बरोबर. फरक नुसत्या हाताचा. थोरल्या बाई, मनाला लावून घेऊ नका, हे तरण्या हातांचं काम. माझाही हात आता चमच्यापुरताच. पुढचे सगळे धाकट्या बाईंनाच गोठवू द्या."

धाकटीने ताईकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. मागच्या बाजूने श्वास ऐकू येत होता.

"अजून एक राहिलाय माझा," ताई म्हणाली. "सगळ्यात मोठा. लाल डबीतला शेवटचा. तोही लावायचा."

"लावू की. पण रोबोचा चिमटा गोठलाय, तो गरम करून सुकवायला घातला. जरा वेळ लागेल."

"हाताने लावते. हाताने लावता येतो ना?"

"येतो, पण..." मामांचा फोन वाजला. मुख्य नियंत्रण खोलीतून काहीतरी विचारत होते, किरण जरा डगमगतोय, इकडे येऊन बघता का. "आलोच," ते म्हणाले. "लावा तुम्ही, घाई करू नका. बाहेर पडताना बटण विसरू नका." आणि लगबगीने गेले. दाढीवालाही चहा संपवून आपल्या दगडांकडे वळला.

ताई पुसायच्या खोलीत गेली. ड्रायरचा आवाज सुरू झाला, वाढला, पार वरपर्यंत गेला. ती चिमटा घेऊन बाहेर आली. आवाज तसाच चालू होता. तिने तो बंद केला नव्हता.

धाकटीच्या मानेवरचे केस उभे राहिले.

तरीही ती आत गेली. भांडं धरायला कुणीतरी लागतंच. असं का केलं, असं पुढे तिला किती जणांनी विचारलं. ताईने चल म्हटलं, ती चालली. आयुष्यभर चाललीच होती.

हचमध्ये नायट्रोजनचं भांडं टेबलाच्या कडेवर ठेवलं. ताईने चिमट्याने क्रिस्टलची कुपी उचलली. हात थरथरला. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. सुई जवळ आली, झोत जवळ आला. आता फक्त कुपी सरकवून क्रिस्टल झोतात सोडायचा. हात पुन्हा थरथरला, जोरात. कुपी झोताच्या नळीवर आदळली. टिंग. एवढासा आवाज. फाशातून काहीतरी निसटलं, धुळीच्या कणाएवढं, आणि हवेत विरघळलं. कित्येक वर्षांची मेहनत होती ती.

ताईने मान वळवली. धाकटीची नजर तिच्या हातावर होती. तिला ती वेळेवर बाजूला करता आली नाही.

"काय बघतेस?"

"काही नाही ताई."

"काय बघतेस गं? माझे हात बघतेस? या हातांनी तुला न्हाऊ घातलं, कार्टे! या हातांनी!"

पहिला फटका कानशिलावर बसला, चिमट्याचा, लोखंडाचा. धाकटी टेबलावर आपटली. दुसरा तिने हाताने अडवला, आणि मनगटातलं काहीतरी कडकन मोडलं. ते तिला ऐकूही आलं. तिसरा डोक्यावर. "या हातांनी! या हातांनी!" प्रत्येक फटक्याला ताई तेच म्हणत होती, आणि रडत होती. धाकटी ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती तोंड उघडून ओरडली, आणि शिशाच्या भिंतींनी तो आवाज गिळून टाकला. तिने टेबलाच्या कडेचा आधार घ्यायला हात टाकला. भांडं उलटलं. नायट्रोजन फसफसत जमिनीवर पसरला आणि पांढरं धुकं उठलं. ती त्या धुक्यात टेबलामागे कोसळली. तोंडात रक्ताची चव होती, पापण्यांवर रक्त.

फटके थांबले. ताईचा धापा टाकणारा श्वास. मग पावलं.

पावलं दाराकडे जात नव्हती. ती टेबलाला वळसा घालून येत होती. धाकटीला वाटलं, आता ताई वाकेल. नेहमी वाकायची. मारून झाल्यावर हळदीचं दूध आणायची, केस मागे सारायची. तिने डोळे उघडले. ताईचा बूट तिच्या छातीशी आला. क्षणभर थांबला. मग उचलला गेला, तिच्या अंगावरून पलीकडे टेकला. दुसराही आला. ताई तिला ओलांडून कोपऱ्यापर्यंत गेली.

खट्.

तिने बटण दाबलं होतं.

पुन्हा तेच बूट परतले. पुन्हा अंगावरून गेले. या वेळी टाच बोटांवर पडली. "डोकं थंड झालं की हाक मार," ताई म्हणाली, त्याच जुन्या आवाजात, आणि दार सरकू लागलं.

दार बंद झालं. कर्कश भोंगा वाजू लागला आणि वरचा पिवळा दिवा गरगर फिरायला लागला. किरण सोडायच्या आधीचा इशारा. ताईने बाहेर पुढची कळ दाबली असती की नाही, हे देव जाणे. ताईला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ती अडगळीची खोलीच होती आणि तिने नेहमीसारखी कडी लावली होती.

धाकटी जमिनीशी पडली होती. धुकं तिच्या तोंडावरून वाहत होतं. श्वास घेत होती, पण छातीत काही जात नव्हतं. नायट्रोजन हवा ढकलून जमिनीजवळ साचतो, हे तिने किती विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. भिंतीवरचं हवा मोजायचं यंत्र टीं टीं करत होतं, तेही आतल्या आत. डोकं हलकं झालं. झोप येत होती. गोड. पडून राहावं, डोकं थंड होऊ द्यावं, मग हाक मारावी...

लाल दोरी तिच्या डोळ्यांसमोर होती, कमरेच्या उंचीवर. म्हणजे आत्ता आभाळाएवढ्या उंचीवर.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही तिच्या मनात आलं ते असं: ओढली तर सगळे येतील. दाढीवाला येईल, मामा येतील, न ओळखणारे लोक येतील. सगळ्यांचं काम बंद पडेल. सगळ्यांना कळेल. घरातली गोष्ट. ताईचं कसं होईल? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मामा म्हणाले होते. तिने आजवर काय काय बदलून पाहिलं होतं. बोलणं कमी केलं, मग जेवण लवकर करून पाहिलं, मग मार्क वाढवले, मग हसून पाहिलं, मग रडून, मग गप्प राहून. प्रत्येक वेळी स्वतःलाच बदललं होतं, आणि बर्फ होता तसाच होता. एक गोष्ट मात्र तिने कधीच बदलली नव्हती. बंद दार.

मोडलेलं मनगट वापरता येणार नव्हतं. सालटं गेलेल्या तळहाताने तिने टेबलाचा पाय धरला. हातमोज्याच्या आत जखम फाटली. ती गुडघ्यांवर आली, घसरली, पुन्हा आली. भिंतीला खांदा लावून वर सरकली, रक्ताचा पट्टा ओढत. डोकं धुक्याच्या वर आलं. एक श्वास मिळाला, खराखुरा. मग तिने सगळं वजन टाकून दोरी ओढली.

भोंगा थांबला. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग त्या सबंध गोल इमारतीत, वरून, खालून, चारी बाजूंनी घंटा वाजू लागल्या. असा आवाज तिथे आजवर कुणी ऐकला नव्हता. प्रत्येक पडद्यावर एकदम अंधार आला. ठिकठिकाणची दारं उघडली. कुणी शिवी हासडली, कुणी 'कोण मेलं?' म्हणून ओरडलं, खुर्च्या पडल्या, माणसं पळत सुटली.

दार मामांनी उघडलं. पोट सावरत इतक्या वेगाने धावत आले होते, की बोलता येत नव्हतं. त्यांच्या मागे दाढीवाला आणि मागे कोण कोण. पांढरं धुकं उंबऱ्यावरून बाहेर सांडलं, आणि त्यात भिंतीला टेकून बसलेली धाकटी दिसली. एक डोळा मिटलेला, केसांतून रक्त, मुठीत अजून दोरी.

"अगं माझ्या पोरी," मामा म्हणाले. बाई वगैरे सगळं विसरून गेले. दोघांनी तिला उचलून बाहेर आणलं. दाढीवाल्याने अंगातला स्वेटर काढून तिच्या डोक्याला दाबून धरला. "कशी पडलीस तू? काय झालं?"

ओठांवर शब्द तयार होता. इतक्या वर्षांत गुळगुळीत झालेला. पडले.

"ताईने मारलं," ती म्हणाली.

घंटा थांबल्या नव्हत्या, तरी तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"चिमट्याने मारलं. मी टेबलामागे पडले होते."

सगळ्यांच्या माना वळल्या. ताई कळांच्या टेबलाशी उभी होती. हात अंगाशी घट्ट धरलेले, तरी थरथरत होते. "मला दिसलीच नाही ती," ताई म्हणाली. "खरंच सांगते. धुकं झालं होतं. मला वाटलं बाहेर गेली. मी नियमाप्रमाणे बटण दाबलं आणि..."

मामांनी हचमध्ये पाहिलं. टेबलामागे रक्ताचं थारोळं होतं, भिंतीपासून टेबलापर्यंतची सगळी वाट अडवून. त्याच्या पलीकडे कोपऱ्यात बटण. थारोळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे बुटांचे ओले, लाल ठसे. जाणारे आणि येणारे.

त्यांनी ताईच्या बुटांकडे पाहिलं. मग त्यांनी ताई आणि धाकटीच्या मध्ये आपलं गोल शरीर आणून उभं केलं.

ताई खाली बसली. कुणी ढकललं नव्हतं. ती आपोआपच गुडघ्यांतून दुमडली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखी. "लहान होतीस गं," ती म्हणाली. "एवढीशी होतीस. मला कुणी शिकवलं नव्हतं."

धाकटीने ऐकलं. डोळ्यांतलं पाणी रक्तात मिसळून ओघळलं. तिला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं. अगदी खरंच वाटलं. ती उठली नाही.

"तिचे हात डॉक्टरांना दाखवा," ती मामांना म्हणाली. "फार दिवस कापतायत. आणि पोलिसांना बोलवा. मी त्यांना सगळं सांगणार आहे, उलथन्यापासूनचं. मी तिच्याबरोबर घरी जाणार नाही."

"नाही जायचं," मामा म्हणाले. "माझ्या घरी चल. आमची ही तुला ताटावरून उठू देणार नाही, एवढा एक त्रास आहे."

लोक जमतच होते. सगळ्यांचं काम बुडालं होतं. कुणाचे क्रिस्टल गेले होते, कुणाची अख्खी पाळी गेली होती. शिव्या घालत आलेले ते, गोल करून गप्प उभे होते. एका बाईने पुढे येऊन धाकटीचा हातमोजा हळूच काढला. तळहात दिसल्यावर तिने तोंडावर हात घेतला.

घंटा थांबल्या. आणि तेव्हा कुठे तो दुसरा आवाज ऐकू आला. घूंऽऽ. शेजारच्या खोलीतून, एकसुरी, मघापासूनचा.

धाकटीचं अंग शहारलं.

"मामा," ती म्हणाली, "तेवढा तो ड्रायर बंद करायला सांगा ना कुणाला तरी."

दाढीवाला गेला. खटका खाली आल्याचा आवाज झाला. मग इतकं शांत झालं, की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. तो येत होता आणि जात होता.